तक्रारीचा अर्थ : हॉथॉर्न येथील अभ्यासाचा एक फेरविचार

कामाच्या ठिकाणच्या मानवी संबंधांचे मानसशास्त्र ही अभ्यासशाखा ज्या प्रयोगांपासून सुरू झाली असे सामान्यतः मानले जाते, ते प्रयोग अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, शिकागो शहराला लागून असलेल्या सिसेरो या गावी, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झाले. टेलिफोनची यंत्रसामग्री तयार करणारा हा प्रचंड कारखाना. १९२९ च्या सुमारास तेथे ४० हजारांच्या आसपास माणसे कामावर होती. व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या प्रयोगांची हकीकत दोन-तीन परिच्छेदांत उरकलेली असते : दिवे वाढविले तरी उत्पादन वाढले, दिवे कमी केले तरी उत्पादन वाढले, सबब, कामगाराकडे कोणी लक्ष दिले म्हणजे तो अधिक काम करतो. परीक्षेपुरता हा सारांश सोयीचा आहे. परंतु त्यामुळे मूळ सामग्रीतील सर्वांत मोलाचा भाग नजरेआड होतो. हा भाग म्हणजे कामगारांचे बोलणे. हॉथॉर्नच्या संशोधकांनी कामगारांचे बोलणे कधी दडपले, कधी ऐकले, कधी टिपून ठेवले आणि शेवटी त्याचा अर्थ लावण्याची एक रीत घालून दिली. ती रीत आज जगभर रूढ आहे, आणि तिच्यातील एक अडचण भाषेच्या अभ्यासकाला चटकन जाणवण्यासारखी आहे.

प्रकाशाच्या प्रयोगांबद्दल फारसे सांगण्याचे कारण नाही. १९२४ ते १९२७ या काळात झालेल्या या चाचण्यांत एका टप्प्यावर दोन कामगारांना जवळजवळ चांदण्याइतक्या मंद उजेडात काम करावयास लावले, तरी त्यांचे काम घटले नाही, ही गोष्ट खरी. तथापि या चाचण्यांची मूळ आकडेवारी स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी शोधून काढून पुन्हा तपासली, तेव्हा प्रचलित कथेत सांगितला जातो तसा ठसठशीत परिणाम तीत आढळला नाही. त्यांचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. 'हॉथॉर्न परिणाम' ही संज्ञाही प्रयोगकर्त्यांची नव्हे. ती १९५३ साली जॉन फ्रेंच यांच्या लेखनातून रूढ झाली.

१९२७ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेला रिले-जोडणीचा प्रयोग अधिक विचार करण्याजोगा आहे. रिले म्हणजे टेलिफोन-केंद्रात विद्युत्प्रवाह जोडणारे व तोडणारे छोटे साधन. सुमारे ३५ सुटे भाग जुळवून ते तयार होई आणि निष्णात हाताला त्यासाठी एक मिनिट पुरे. पाच तरुणी जोडणी करीत, सहावी त्यांना भाग पुरवी. त्यांना मुख्य खात्यातून उचलून एका वेगळ्या खोलीत बसविले. पुरा झालेला प्रत्येक रिले एका पन्हळीत टाकला की कागदी फितीला आपोआप छिद्र पडे, त्यामुळे मिनिटामिनिटाचा हिशेब राही. खोलीत एक निरीक्षक बसे. तो दिवसाच्या घडामोडी आणि मुलींचे संभाषण टिपून ठेवी. विश्रांतीच्या सुट्ट्या, न्याहारी, कामाचा दिवस लवकर संपविणे, शनिवारची सुटी असे फेरफार क्रमाक्रमाने केले गेले. बाराव्या टप्प्यात सर्व सवलती काढून घेऊन मूळचा ४८ तासांचा आठवडा परत आणला, तरी आठवड्याचे एकूण उत्पादन चढेच राहिले. यावरून परिस्थितीपेक्षा मनोवृत्ती मोठी असा निष्कर्ष काढण्यात आला. दर तासाचे उत्पादन मात्र त्या टप्प्यात घसरले होते. पाठ्यपुस्तकांतून ही गोष्ट सहसा गाळली जाते. प्रयोगाच्या आरंभीच वेतनाची पद्धत बदलली होती, हेही असेच मागे पडते. पूर्वी सुमारे शंभर जणींच्या गटावर हिशेब होई, तो आता या छोट्या गटापुरता होऊ लागला. साहजिकच प्रत्येकीच्या मेहनतीचा मोबदला तिच्या पदरात अधिक थेट पडू लागला. दुसऱ्या एका गटात केवळ वेतनाचा हा बदल करून पाहिला, तेव्हा उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी वाढले.

भाषेच्या दृष्टीने याहून महत्त्वाची एक घटना १९२८ च्या जानेवारीत घडली. पाचांपैकी दोन मुलींना खोलीतून काढून मूळ खात्यात परत पाठविण्यात आले. त्या फार बोलतात आणि सहकार्य करीत नाहीत, हे त्याचे कारण. त्याआधी त्यांना बोलण्याबद्दल वारंवार समज देण्यात आली होती. त्यांच्या जागी आलेल्या दोघी अधिक चलाख होत्या. त्यांच्यापैकी एकीवर घर चालविण्याचा भार पडलेला होता, आणि इतरांना हात उचलावयास लावण्यात तिचाच पुढाकार असे. उत्पादनाचा ठळक चढ या बदलानंतरचा आहे. ॲलेक्स केरी यांनी १९६७ साली या प्रकरणावर कठोर टीका केली. पुढे १९७८ साली रिचर्ड फ्रँक आणि जेम्स कॉल यांनी संख्याशास्त्रीय पृथक्करण करून, शिस्तीची ही कारवाई, मंदीचे सावट आणि विश्रांतीच्या वेळा यांनीच उत्पादनातील बहुतेक चढउतारांचा उलगडा होतो, असे दाखविले. मोकळ्या, मैत्रीपूर्ण वातावरणाचा महिमा सांगणाऱ्या प्रयोगाच्या पोटात बोलण्याबद्दलची शिक्षा दडलेली असावी, हा विरोधाभास लहान नाही. उरलेल्या मुली पुढे मोकळेपणाने गप्पा मारीत आणि त्याला कोणी आक्षेप घेत नसे, असे नोंदींवरून दिसते. पण आपल्यापैकी दोघी कशामुळे गेल्या हे ठाऊक असलेल्या माणसांचा मोकळेपणा कोणत्या जातीचा असतो, याचा विचार मूळ ग्रंथात पुरेसा झालेला नाही.

प्रयोगाचे लोण कारखानाभर पसरले ते मुलाखतींच्या रूपाने. १९२८ च्या सप्टेंबरात मुलाखतींचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात १९३० पर्यंत २१,१२६ कामगारांना बोलते करण्यात आले. बोलणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याची हमी होती. प्रारंभी मुलाखतकार ठरावीक प्रश्न विचारीत. परंतु कामगार प्रश्न बाजूला सारून स्वतःला हव्या त्या विषयाकडे वळतात, असे ध्यानात आले. म्हणून १९२९ च्या मध्यास पद्धत पालटली. मुलाखतकाराने विषय सुचवू नये, उपदेश करू नये, वाद घालू नये, मधे तोडू नये, केवळ ऐकावे. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. हार्वर्ड येथील एल्टन मेयो या ऑस्ट्रेलियन प्राध्यापकाचा या बदलामागे मोठा वाटा होता. मनोरुग्णांशी बोलण्याची वैद्यकातील रीत त्याला परिचित होती, आणि तीच त्याने कारखान्यात आणली. या पद्धतीचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. समाजशास्त्रांतील मुक्त मुलाखत आज ज्या रूपात ओळखली जाते, तिचा एक मोठा उगम येथे आहे.

ऐकलेल्या तक्रारींचे काय करावयाचे हा पुढचा प्रश्न. फ्रिट्झ रोथ्लिसबर्गर व विल्यम डिक्सन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या बृहद्‌ग्रंथात त्यांची तीन वर्गांत विभागणी केली आहे. 'यंत्र बिघडले आहे' हा पहिला वर्ग : येथे जाऊन पाहता येते आणि सर्वांचे एकमत होऊ शकते. 'खोलीत फार उकडते' हा दुसरा : अनुभव इंद्रियांचाच, परंतु तो माणसागणिक बदलतो. 'वरिष्ठ पक्षपात करतात', 'कामाचे दर फार कमी आहेत' हा तिसरा : येथे बोलणाऱ्याच्या आशा, भीती आणि भावना गुंतलेल्या असतात. तिसऱ्या वर्गातील तक्रारीचा प्रकट आशय एक आणि प्रच्छन्न आशय दुसरा. संशोधकाने दुसऱ्याचा शोध घ्यावयाचा. याचे बहुचर्चित उदाहरण म्हणजे दर कमी असल्याची तक्रार करणारा एक कामगार. मुलाखतीत उघड झाले की त्याची पत्नी इस्पितळात आहे आणि डॉक्टरांची बिले कशी भागवावी या विवंचनेत तो आहे. तेव्हा तक्रार दराची नसून बिलांच्या काळजीची आहे, असा अर्थ लावण्यात आला. एका स्त्रीने कारखान्याच्या उपाहारगृहातील जेवणाबद्दल कुरकुर केली आणि काही दिवसांनी, जेवण सुधारल्याबद्दल मुलाखत घेणारीचे आभार मानले. वस्तुतः जेवणात काडीचाही बदल झालेला नव्हता. बोलून मन हलके झाल्याने तक्रार विरली, असे संशोधकांचे म्हणणे.

ही वर्गवारी वरवर पाहता विधानांच्या पडताळ्यावर आधारलेली आहे आणि तेवढ्यापुरती ती निर्दोष आहे. परंतु मनुष्याची सर्व वाक्ये विधाने नसतात. 'दर कमी आहेत' हे वाक्य व्याकरणाने विधान असले तरी, मालक आणि कामगार यांच्या व्यवहारात ते मागणीचे काम करते. मागणी खरी किंवा खोटी नसते. ती मान्य होते, अमान्य होते किंवा तिच्यावर घासाघीस होते. तिला भावनेचे लक्षण मानले की मागणी म्हणून ती संपते, आणि उरतो एक बेचैन मनुष्य, ज्याला सहानुभूतीने ऐकून घेतले म्हणजे पुरे. हॉथॉर्नमध्ये १९३६ साली समुपदेशनाची कायम व्यवस्था झाली आणि ती सुमारे दोन दशके चालली. कामगाराचे ऐकावे, पण त्याच्या म्हणण्यावर कारवाई करणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, हे तिचे सूत्र होते.

मराठी भाषकाला या उदाहरणातील पेच अधिक स्पष्ट दिसावा. दराविषयी बोलताना मराठी कामगार 'दर कमी आहे' असे क्वचित म्हणतो. 'हा दर आम्हाला परवडत नाही' किंवा 'एवढ्यात भागत नाही', हे त्याचे स्वाभाविक उद्गार. 'परवडणे' या क्रियापदाची गंमत अशी की, ते दर आणि दर घेणारा या दोघांनाही वाक्यात हजर करते. कर्त्याच्या जागी दर येतो, आणि ज्याला तो पुरत नाही तो मनुष्य चतुर्थीत उभा राहतो. 'भागणे' तर घरखर्चाचे गणितच सोबत घेऊन येते. या क्रियापदांनी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी पत्नीचे आजारपण हा दराच्या तक्रारीमागे दडलेला दुसरा अर्थ राहत नाही. तो त्याच वाक्यातील हिशेबाचा एक रकाना होतो. इस्पितळाचे बिल भागत नाही म्हणूनच दर कमी. प्रकट आणि प्रच्छन्न असे दोन आशय वेगळे काढून त्यांतील एकाची निवड करणे येथे अनाठायी ठरते. भाषा विचार घडविते असा व्यापक सिद्धान्त यातून काढण्याचे कारण नाही. अमेरिकन कामगाराच्या मनातही बिल आणि दर एकत्रच नांदत असणार. इतकेच की, एका भाषेची वाक्यरचना जे दोन तुकड्यांत मांडते ते दुसरी एकसंध मांडते, आणि विश्लेषण करणाऱ्याने तुकड्यांची रेघ बोलणाऱ्याच्या मनावर ओढू नये.

१९३१ च्या नोव्हेंबरपासून १९३२ च्या मेपर्यंत चाललेला तारजोडणीच्या खोलीचा अभ्यास या सर्व मालिकेत सर्वोत्कृष्ट मानावयास हरकत नाही. येथे काहीही बदलले नाही, केवळ पाहिले. नऊ तारा जोडणारे, तीन डाख देणारे आणि दोन तपासनीस असे चौदा पुरुष, खोलीत बसणारा एक निरीक्षक आणि खोलीबाहेर राहून मुलाखती घेणारा दुसरा संशोधक, इतकीच मंडळी. दिवसाचे 'पुरेसे' काम किती, याचा या कामगारांचा स्वतःचा ठराव होता, तो कंपनीच्या ठरावाहून वेगळा. कामाचा कोटा पुरा झाला की हात मंदावत. ठराव मोडणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसे, आणि या ठोशालाही त्यांच्यात खास नाव होते : बिंगिंग. फार काम करणारा तो रेट-बस्टर, म्हणजे दर मोडणारा. फार थोडे काम करणारा चिझलर. वरिष्ठांकडे सहकाऱ्याविषयी बोलणारा स्क्वीलर. शब्दांचा हा छोटा कोश म्हणजे त्या खोलीची अलिखित घटना होती. पुढे जॉर्ज होमन्स यांनी १९५० च्या आपल्या ग्रंथात समूहविषयक सिद्धान्त उभारला, त्याची एक शिळा ही खोलीच आहे.

या शब्दांपैकी चिझलरला मराठीत 'अंगचोर' आणि स्क्वीलरला 'चहाडखोर' हे प्रतिशब्द सहज सापडतात. रेट-बस्टरला प्रमाण मराठीत असा सर्वपरिचित शब्द नाही. नगावर मजुरी आणि दर कापला जाण्याची धास्ती या दोन्हींखेरीज त्या शब्दाची गरजच उत्पन्न होत नाही. मात्र त्या कामगारांच्या वर्तनाला मराठीत एक नेमका वाक्प्रचार आहे : हात राखून काम करणे. हा वाक्प्रचार खर्चाच्या बाबतीत वापरला म्हणजे शहाणपणाचा दाखला होतो, कामाच्या बाबतीत वापरला म्हणजे ठपका होतो. खर्च कोणाचा, यावर सारे अवलंबून आहे. कष्ट हे कामगाराचे भांडवल धरले, तर हात राखणे ही काटकसर. ते मालकाने विकत घेतलेले धरले, तर तीच चोरी. रोथ्लिसबर्गर व डिक्सन यांना हे वर्तन तर्कापेक्षा भावनेवर आधारलेले वाटले. अधिक काम केले तर दर कापतील किंवा कोणाला तरी काढतील, ही कामगारांची भीती त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून आलेली नाही, असे त्यांनी नमूद केले. १९३२ च्या मेमध्ये काम उरले नाही म्हणून ती खोली बंद करावी लागली. त्या वर्षी शिकागोच्या परिसरात भविष्याबद्दल भीती वाटणे हे तर्कहीनतेचे लक्षण होते असे म्हणणे कठीण आहे.

भारतात या विचारांचे आगमन लवकर झाले. अहमदाबाद येथे १९४७ साली स्थापन झालेल्या कापडगिरण्यांच्या संशोधनसंस्थेत, म्हणजे 'अटिरा'त, कामगारांच्या मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग होता आणि कमला चौधरी यांनी तो नावारूपाला आणला. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत आले. स्वयंचलित मागांच्या खात्यात २२४ मागांवर २९ कामगार होते, आणि विणकर, बॉबिन भरणारा, तुटलेला ताणा सांधणारा, तेल घालणारा, झाडणारा अशी त्यांची कामे काटेकोर वाटून दिलेली होती. एका विणकराला अनेकांची मदत लागे, पण त्यांतील कोणीही त्याचा एकट्याचा साथीदार नव्हता. कोणी कोणाला हाक मारावी हेच तेथे ठरलेले नव्हते. सात जणांच्या एका गटाने ठरावीक माग एकत्र सांभाळावेत, ही कल्पना मांडली जाताच कामगारांनी स्वतःच आपापले गट जुळविले, असे राइस यांनी १९५८ च्या ग्रंथात सांगितले आहे. कापडातील खराबी घटली आणि मागांची कार्यक्षमता वाढली. येथे कामगारांच्या भावनांचे निदान कोणी केले नाही. कामाची रचना बदलली आणि तिच्यासोबत बोलण्याचे मार्ग बदलले. एरिक मिलर यांनी १९७० मध्ये पुन्हा पाहणी केली तेव्हा गटपद्धती सर्वत्र टिकलेली नव्हती. काही खाती जुन्या वळणावर गेली होती. मुंबईच्या गिरण्यांत अशा प्रयोगापूर्वी जॉबर नावाच्या माणसाचा विचार करावा लागला असता. कामगाराची भरती, बदली, उसनवारी आणि गाऱ्हाणे ही सारी दीर्घकाळ त्याच्याच हातून जात. १९३५ साली मुंबईत बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली, ती भरतीवरील त्याची पकड सैल करण्यासाठीच.

आज महाराष्ट्रातील विद्यापीठांत कर्मचाऱ्यांच्या कार्यसमाधानावर प्रबंध लिहिले जातात ते प्रायः प्रश्नावलीच्या आधाराने, आणि प्रश्नावली बहुधा १९६० नंतरच्या अमेरिकन मापनश्रेणींचे भाषांतर असते. तीत 'तुम्ही तुमच्या कामाबाबत समाधानी आहात का?' असा प्रश्न हमखास येतो. मराठीत 'समाधानी' हे विशेषण कामाबद्दलच्या मतापेक्षा माणसाच्या स्वभावाबद्दल अधिक सांगते. समाधानी असणे हा सद्गुण आहे; मनुष्य समाधान 'मानतो', आणि पुष्कळदा 'मानून घेतो'. अशा प्रश्नाला 'नाही' म्हणणे म्हणजे आपण हावरट किंवा कुरकुरे आहोत अशी कबुली देण्यासारखे होते. त्यात प्रश्न विचारणारा 'तुम्ही' म्हणत असला, तरी शेजारी उभे असलेले साहेब उत्तर देणाऱ्याला 'तू' म्हणणारे असतात. अशा वेळी आलेला 'होय' नोकरीबद्दल किती आणि शालीनतेबद्दल किती, हे आकड्यांवरून कळावयास मार्ग नाही.

भाषांतराची अचूकता तपासण्यासाठी रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली मांडलेली उलट-भाषांतराची रीत सर्वमान्य आहे : एकाने मराठी करावे, दुसऱ्याने ते न पाहिलेल्या मूळ भाषेत परत न्यावे, आणि दोन्ही ताडून पाहावीत. 'समाधानी' या शब्दाच्या बाबतीत ही चाळणी निरुपयोगी ठरते, कारण तो शब्द परत नेला की मूळचा शब्दच हाती येतो. वाटेत मिसळलेला सद्गुणाचा अर्थ कोणत्याच टोकाला दिसत नाही. त्यापेक्षा 'पगारात भागते का?', 'काय भागत नाही?', 'हे कोणाला सांगितले होते, आणि पुढे काय झाले?' असे प्रश्न विचारून, उत्तर त्याच शब्दांत, बोलीतील क्रियापदांसह उतरून घेणे श्रेयस्कर. त्याच्या समासात उत्तर देताना जवळ कोण उभे होते, हेही लिहावे. हॉथॉर्नच्या निरीक्षकांनी दिवसभराचे संभाषण टिपले आणि ते कागद हार्वर्डच्या ग्रंथालयात जतन झाले. म्हणूनच त्यांच्या निष्कर्षांशी वाद घालणाऱ्या पुढील पिढ्यांना मूळ साधनांकडे परत जाता आले. टक्केवारीचे कोष्टक तेवढे ठेवून भरलेल्या प्रश्नावल्या रद्दीत घालणाऱ्या विभागांकडे तसा मागे जाण्याचा रस्ता राहत नाही.